मातेचे दूध, बाजारातील डबा आणि कायदा

मातेचे दूध विकत मिळत नाही; म्हणून त्याची जाहिरातही कोणी करीत नाही. डब्यातील दुधाच्या पाठीशी मात्र कारखानदार, विक्रेते आणि जाहिरातीचे मोठे भांडवल उभे असते. हा सामना बरोबरीचा नाही, हे ओळखून भारताने तान्ह्या बालकाच्या बाजूने कायदा केला. तो काय सांगतो आणि गावपातळीवर त्याचा उपयोग कसा करावयाचा, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे मूळ

मातेला दूध येणे हे मुख्यतः बालकाच्या चोखण्यावर अवलंबून असते. बालक जितके अधिक वेळा अंगावर पिते, तितके दूध अधिक उतरते. पहिल्या दिवसांत बाटली सुरू झाली की चोखणे कमी होते, दूध आटू लागते आणि “दूध पुरत नाही” ही समजूत खरी ठरते. म्हणूनच प्रसूतीनंतर फुकट मिळालेला डबा प्रत्यक्षात फुकट नसतो. तो संपेपर्यंत मातेचे दूध कमी झालेले असते आणि पुढचा डबा विकत आणणे भाग पडते.

मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला हा खर्च झेपत नाही. मग पावडर कमी आणि पाणी जास्त असे मिश्रण बाळाला पाजले जाते. पाणी उकळलेले नसते, बाटली नीट स्वच्छ होत नाही. परिणामी हगवण आणि कुपोषण ही दोन्ही संकटे एकाच वेळी बाळावर कोसळतात. शिवाय रोगापासून संरक्षण देणारा पहिला पिवळसर चीक वाया जातो.

धोरणाची वाटचाल

या धोक्याकडे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूर येथे १९३९ मध्येच लक्ष वेधले होते. जगाने त्याची औपचारिक दखल घेण्यास मात्र १९८१ साल उजाडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. ११८ देशांनी तिच्या बाजूने मत दिले. विरोधी मत एकट्या अमेरिकेचे होते.

भारताने १९८३ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संहिता जाहीर केली. परंतु संहितेला दंडाचे बळ नव्हते. म्हणून संसदेने १९९२ मध्ये अर्भक दुग्धपर्याय, दूधबाटल्या व अर्भक आहार यांचे उत्पादन, पुरवठा आणि वितरण यांचे नियमन करणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलात आला. २००३ च्या दुरुस्तीने त्याची कक्षा बालकाच्या वयाच्या दोन वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. पूरक आहार सुरू करण्याचे वयही चार महिन्यांऐवजी सहा महिन्यांनंतरचे असे निश्चित झाले.

कायद्यातील प्रमुख तरतुदी

दुग्धपर्याय, दूधबाटली व अर्भक आहार यांची जाहिरात करण्यास पूर्ण मनाई आहे. दृक्‌श्राव्य प्रसारणही या मनाईत येते. मातांना मोफत नमुने देणे, खरेदीवर भेटवस्तू देणे किंवा विक्री वाढविण्यासाठी गर्भवती स्त्रियांशी संपर्क साधणे हा अपराध आहे.

दुग्धपर्यायाच्या डब्यावर, मातेचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याचे ठळक अक्षरांत छापावे लागते. वेष्टनावर बालकाचे वा स्त्रीचे चित्र चालत नाही. रुग्णालयात अशा मालाची भित्तिपत्रके लावता येत नाहीत. आरोग्य कर्मचाऱ्यांना वा त्यांच्या कुटुंबीयांना उत्पादकांकडून भेट देता येत नाही. तसेच विक्रीच्या प्रमाणात कर्मचाऱ्यांना कमिशन देण्यासही बंदी आहे.

जाहिरात वा प्रलोभन यांविषयीच्या तरतुदींचा भंग केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा डब्याच्या विक्रीवर बंदी घालीत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. जी माता पाजू शकत नाही आणि जिला दुग्धपर्याय विकत घेणे परवडत नाही, तिला माता-बालकांची आरोग्यसेवा करणारी संस्था तो देऊ शकते. अनाथालयांनाही सवलत आहे. अशा बालकांसाठी दुसरा मार्ग मुंबईने दाखविला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

आपले काम कोणते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. मात्र जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बालके केवळ ४२ टक्क्यांच्या आसपास होती. माता रुग्णालयापर्यंत पोहोचली. पण तो पहिला तास हातचा निसटला. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपान मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून सुमारे ६४ टक्क्यांवर गेले, ही जमेची बाजू होय. प्रयत्न केल्यास फरक पडतो, हे यावरून दिसते.

या कायद्याखाली न्यायालयात तक्रार दाखल करण्याचा अधिकार अन्न तपासणी यंत्रणेतील व शासनाने प्राधिकृत केलेल्या वर्ग एकच्या अधिकाऱ्यांना, तसेच मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्थांना आहे. परंतु भंग प्रथम दिसतो तो गावच्या दुकानात, दवाखान्याच्या भिंतीवर आणि बाळंतिणीच्या उशाशी. तेथे असणाऱ्या व्यक्तीने तो ओळखला नाही, तर अधिकाऱ्यांपर्यंत काहीच पोहोचत नाही. भेटवस्तूची चिठ्ठी, जाहिरातपत्रक किंवा नमुन्याचा डबा जपून ठेवून, तारीख व ठिकाण नोंदवून लेखी कळविणे एवढे काम कोणाही पंचायत सदस्याला सहज करता येईल.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना वेष्टनावरील मजकूर वाचावयास शिकवावे. पंचायतीने नव्या बाळंतिणीला मध, साखरपाणी वा घुटी न देता तासाभरात अंगावर पाजण्यास घरच्यांचे साहाय्य मिळेल, हे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने पाहावे. शेतावर वा रोजगाराच्या कामावर जाणाऱ्या मातेला सावलीची जागा आणि पाजण्यापुरती उसंत मिळवून द्यावी. कारण ही उसंत नसेल तर कोणत्याही जाहिरातीवाचून बाटली घरात येते. कायद्याने बाजाराला आवर घातला आहे. मातेला वेळ आणि आधार देणे हे मात्र गावाचेच काम आहे.