प्रवेशानंतरचं शिक्षण

चि. प्रज्ञा हिस,

दलित मुलीची अडचण शाळेच्या दारात सुरू होते, पण दार उघडलं म्हणून संपत नाही. मांग समाजातल्या मुक्ता साळवे हिने फुले दांपत्याच्या शाळेत शिकून चौदाव्या वर्षी महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. दीडशेहून अधिक वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, देशातल्या अनुसूचित जातींच्या पुरुषांत साक्षरता ७५ टक्के होती, स्त्रियांत ५६. एकूण स्त्रियांत ६५ च्या आसपास. जातीचा फटका आणि बाईपणाचा फटका, दोन्ही त्या ५६ मध्ये आहेत.

पदवीनेही सगळं सुटतं असं नाही. नागपूरच्या कुमुद सोमकुवर संस्कृतमध्ये एम. ए. झाल्या, तरी महार मुलीला ते शिकवण्याची नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाह करून त्या कुमुद पावडे झाल्या आणि सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली. पदवी तीच होती; बदललं होतं आडनाव. ‘अंतःस्फोट’ या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. कॉलेजला निघालेल्या मुलीने क्रमिक पुस्तकांआधी ते वाचावं.

१९४२ च्या नागपूरच्या दलित महिला परिषदेत बायकांनी मुलींसाठी वसतिगृहं मागितली होती. आज शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे जागा न मिळाल्यास राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे देणारी स्वाधार योजना आहे. मुलाला खोली घेऊन देणारं घर मुलीला पुष्कळदा वसतिगृह मिळालं तरच पाठवतं, म्हणून वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जाइतकाच निकडीचा.

राखीव जागेवरच्या व्यावसायिक प्रवेशाला व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, लागते. तिचा अर्ज बारावीतच करावा. पुरावा हवा तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, वडिलांकडचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला तर उत्तम. ते शाळेतच गेले नसतील (आणि आजीचा तर प्रश्नच नाही), तर तहसील कचेरीत कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी. नावातला एक काना चुकला तरी त्रुटी निघते. लग्नानंतरही पडताळणी माहेरच्याच कागदांवर होते.

वर्गात ‘कोट्यातली’ म्हणून टोमणा आला, तर गप्प बसू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे संस्थेत भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. तक्रार त्याच्याकडे लेखी द्यावी, तारीख घालावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

तुझी आत्या