एलएम७५च्या ड्रायव्हरमधल्या वॉर्निंग्ज: वरून खाली, एकेक करून

चला, खुर्ची ओढा आणि टर्मिनल उघडा. समजा तुमच्या हाती एलएम७५ या तापमान मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर आहे, लिनक्स कर्नलच्या एचडब्ल्यूमॉन फोल्डरमध्ये बसणारा, तुम्हीच लिहिलेला. तो कंपाइल होतो, चालतोही, पण दरवेळी पडदाभर वॉर्निंग्ज येतात. आज त्या सगळ्या घालवू. कमांड आणि नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करा.

साहित्य: कर्नलचा सोर्स, जीसीसी, क्लँग, गिट, चिप जोडलेला बोर्ड, थोडा बर्फ आणि मूठभर मीठ. हो, बर्फ आणि मीठ! ते शेवटी लागणार आहे.

१. गिटमध्ये नवी ब्रँच काढा. आधीचं अर्धवट काम कमिट करून मगच, नाहीतर कुठल्या बदलाने काय बिघडलं ते शोधत बसाल.

२. तुमची फाइल टच करा. न बदललेली फाइल मेक पुन्हा कंपाइल करत नाही, आणि कोरा पडदा पाहून उगाच हुरळून जायला होतं.

३. फक्त तेवढीच फाइल कंपाइल करा: आधी मेक, मग डब्ल्यू=१, मग फाइलचा मार्ग, आणि शेवटी .सी ऐवजी .ओ. अख्खा कर्नल बांधायला घेऊ नका. इतरांच्या गर्दीत तुमच्या वॉर्निंग्ज हरवतील.

४. तीच कमांड पुन्हा देऊन आलेला मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्या. त्याआधी टच करायला विसरू नका. वॉर्निंग्ज स्टँडर्ड एररवर येतात, त्यामुळे नुसतं > पुरत नाही, २> लावा.

५. यादीतली सगळ्यात वरची वॉर्निंग घ्या, आणि फक्त तीच. खालच्या तीन-चार पुष्कळदा तिचीच पिल्लं असतात. यापुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर पायरी ३ करायची आणि मगच पुढची वॉर्निंग पाहायची.

६. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात असलेलं वॉर्निंगचं नाव वाचा. औषध त्या नावावरून ठरतं. आपल्या फाइलमध्ये वॉर्निंग्ज ज्या क्रमाने दिसतात, त्याच क्रमाने जाऊ.

७. 'मिसिंग प्रोटोटाइप्स' आली? त्या फंक्शनच्या आधी स्टॅटिक लिहा. कच्च्या आकड्याचे अंश करणारं तुमचं छोटं फंक्शन दुसरी कुठलीच फाइल वापरत नाही. हेडरमध्ये प्रोटोटाइप टाकून वॉर्निंग गप्प करू नका.

८. 'अनयूज्ड बट सेट व्हेरिएबल' आली? थांबा, डिलीटवर बोट नेऊ नका! मर्यादा लिहिणारं फंक्शन चिपला आकडा पाठवतं, उत्तर 'रेट'मध्ये ठेवतं आणि पुढे त्याकडे बघतच नाही. 'रेट' शून्याहून लहान असेल तर तोच परत करा. ते व्हेरिएबल उडवलंत, तर लिहिणं फसलं तरी ड्रायव्हर 'झालं' म्हणून सांगत राहील.

९. 'फॉरमॅट' आली? छापण्याच्या ओळीतलं %डी बदलून %एलडी करा, कारण एचडब्ल्यूमॉनमध्ये तापमान लाँगमध्ये असतं. आकडाच इंटमध्ये कोंबणं हा उपाय नव्हे.

१०. 'इम्प्लिसिट फॉलथ्रू' आली? स्विचमधली ती केस बोट ठेवून वाचा आणि ब्रेक घाला. एलएम७५मध्ये कमाल मर्यादेचं रजिस्टर ३ आणि हिस्टेरिसिसचं २. ब्रेक विसरला असाल तर कमाल मर्यादा लिहिता लिहिता हिस्टेरिसिसही पुसली जाते. मुद्दामच खाली घसरायचं असेल, तर फॉलथ्रू हा शब्द स्पष्ट लिहा.

११. सस्पेंड आणि रिझ्यूमवर 'अनयूज्ड फंक्शन' आली? भोवतीचं इफडेफ काढा आणि पीएम_स्लीप_पीटीआर वापरा. फंक्शन्स उडवू नका; तुमच्या कॉन्फिगमध्ये स्लीप बंद आहे म्हणून ती रिकामी दिसतात, दुसऱ्याच्या बोर्डावर ती लागतात.

१२. आता टच करून डब्ल्यू=२ ने कंपाइल करा. हेडरमधल्या वॉर्निंग्जचा पूर येईल. घाबरू नका, तुमच्या फाइलचं नाव असलेल्या ओळीच पाहा.

१३. त्यांतली 'टाइप लिमिट्स' शोधा. ती 'ही तुलना नेहमीच खोटी' असं सांगते. तिथे बहुधा चिपमधून वाचलेला आकडा यू१६ मध्ये घेतलेला असतो आणि पुढच्याच ओळीत तो शून्याहून लहान आहे का हे विचारलेलं असतं. यू१६ ऋण होतच नाही! तार निसटली आणि वाचणाऱ्या फंक्शनने −६ हा एरर दिला, तर यू१६ मध्ये त्याचे ६५५३० होतात, आणि ड्रायव्हर २५५.५ अंश दाखवतो.

१४. वाचलेलं उत्तर आधी इंटमध्ये घ्या. इथे सगळ्यांचा हात घाईने एस१६ कडे जातो. नका! वॉर्निंग तर जाते, पण −२५ अंशांचा कच्चा आकडा −६४०० असतो, आणि थेट एस१६ मध्ये घेतलात तर ड्रायव्हर त्यालाच एरर समजून परत पाठवतो. टेबलावर सगळं छान चालेल, शीतगृहात मात्र सेन्सर मुका होईल.

१५. तो इंट शून्याहून लहान असेल तर तिथेच परत फिरा. ही खूण एररची आहे, थंडीची नव्हे.

१६. त्यानंतरच आकडा एस१६ मध्ये घाला. आता मात्र ऋण म्हणजे खरोखर थंडी. मग सात बिटं उजवीकडे सरकवा आणि ५००ने गुणा. क्रम उलटा केलात तर अर्ध्या अंशाखालचे कचरा बिटही हिशेबात येतील.

१७. एलएलव्हीएम=१ देऊन क्लँगने एकदा कंपाइल करा. जीसीसीच्या नजरेतून सुटलेलं त्याला कधी कधी दिसतं. काही निघालं तर पायरी ५ पासून.

१८. मॉड्यूल बोर्डावर चढवा. आधी जुनं काढा. ते तसंच राहिलं तर तपासणी जुन्याच कोडची होईल.

१९. टेम्प१_इनपुट वाचा. आकडा हजारपट असतो: २७५०० म्हणजे २७.५ अंश. चिपवर बोट ठेवा, आकडा चढताना दिसेल.

२०. बर्फात मीठ घाला, आइस्क्रीमच्या पॉटमध्ये घालतो तसं. नुसता बर्फ शून्यावरच अडकतो, आपल्याला शून्याखाली जायचंय.

२१. ते मिश्रण दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून चिपवर टेकवा. खारं पाणी बोर्डावर गळलं तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. आकडा शून्य ओलांडून −५०० आणि त्याहून खाली उतरला पाहिजे. एरर आला तर पायरी १४ चुकली. −५ अंशांच्या जागी २५१००० दिसलं, तर यू१६ अजून कुठेतरी दडून बसला आहे.

२२. प्रत्येक दुरुस्ती वेगवेगळी कमिट करा. संदेशात वॉर्निंगचं नाव लिहा, आणि पायऱ्या १४ ते १६ च्या कमिटमध्ये 'शून्याखालचं तापमान आता नीट वाचलं जातं' हेही लिहा.