फारच शांत असेल तर

अगं मनू, तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. "ताई, पाळणाघर मिळालं! एसी आहे, कॅमेरे आहेत, मोबाइलवर दिवसभर बघता येतं. आणि इतकं शांत, की आत मुलं आहेत असं वाटतच नाही." एसीपर्यंत, कॅमेऱ्यापर्यंत ठीक होतं. शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच राहिला.

तुला हे कधी सांगितलेलं नाही, आईलाही नाही. माझी सई दहा महिन्यांची असताना मीही असंच एक छान पाळणाघर शोधलं होतं. भिंतीवर जिराफ, दारात रंगीत पायपुसणं, बाई गोड बोलणाऱ्या. "तुमची सई म्हणजे गुणाची हो, एक ते चार हलत नाही." मला केवढा अभिमान! घरी मात्र ही बया रात्री दोनपर्यंत टक्क जागी. मी म्हटलं, दात येत असतील. मग एकदा अवकाळी पावसानं ऑफिस लवकर सुटलं आणि मी अडीचलाच जाऊन बेल वाजवली. सतरंजीवर अकरा पोरं ओळीनं झोपलेली, सांभाळायला एकच मावशी, आणि मोरीच्या कट्ट्यावर सर्दीच्या औषधाची बाटली. शेजारी ओला चमचा. सईला सर्दी नव्हती. "सगळ्यांनाच थोडं थोडं देतो, मग झोपतात," मावशी सरळ बोलून गेली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. संतापले, रडले, पोरीला उचलून घरी आणलं. पण नंतर कित्येक दिवस एकच डोक्यात: अकरा पोरं एकटीच्या गळ्यात घातल्यावर त्या बाईनं करावं तरी काय?

सर्दीच्या बऱ्याच औषधांत क्लोरफेनिरामीन असतं, पेंग त्यानंच येते. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेल्या औषधांवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापायला सांगितला. तेव्हा आधीच सांगून ठेव: डॉक्टरांची चिठ्ठी आणि तुझा होकार असल्याशिवाय तुझ्या बाळाच्या, ओमच्या तोंडात एक थेंब जाणार नाही. गुटीसुद्धा नाही.

म्हणून तिथे गेलीस की जिराफ नंतर बघ, आधी हात मोज. किती पोरं, किती बायका. महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष काढले, त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई धरली आहे, त्यापुढच्या वयाच्या वीस मुलांमागे एक. ते निकष नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण तू खुशाल गल्लीतल्या काकूंनाही लाव. आणि माझं विचारशील तर रांगणारी दहा पोरं एकीला हेसुद्धा जास्तच आहे. एकाची शी धुवायला ती मोरीत गेली की उरलेल्या नऊंकडे कोण बघतं?

सईला पुढे ज्या काकू मिळाल्या, त्यांनी मला आधी दारातूनच परत पाठवलं होतं. "आठ आहेत, नववं घेणार नाही. जूनमध्ये एक शाळेत जाईल, तेव्हा या." मी चिडले होते, दुप्पट पैसे देते म्हणाले, तरी नाही. त्यांच्या घरात कायम कालवा असायचा. कोणी रडतंय, कोणी वाटी आपटतंय, काकू एकाला कडेवर घेऊन दुसऱ्याला खिमट भरवताहेत. भिंतीचा रंग उडालेला. जून उजाडेपर्यंत मी आईला बोलावून घेतलं, आठवतं ना तुला, बाबा दोन महिने खानावळीत जेवले होते? ते त्यासाठी.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर असू दे, चांगलाच आहे. पण खारघरचं आठव, नोव्हेंबर २०१६. दहा महिन्यांच्या मुलीला पाळणाघरातल्या आयानं मारलं, आपटलं. कॅमेरा तिथेही होता. आईबापांना अंगावरच्या खुणा दिसल्यावर मग चित्रण बघितलं गेलं. पुरावा मिळाला, पण मारताना तिचा हात धरायला कोणी नव्हतं. तू मीटिंगमध्ये बसलेली असताना मोबाइलवर काय बघणार आहेस? त्यापेक्षा आईबापांनी न सांगता कधीही यावं, थेट झोपायच्या खोलीपर्यंत यावं, हे ज्यांना चालतं त्यांच्याकडे ठेव. "मुलं डिस्टर्ब होतात, खालीच थांबा" म्हणाले, की तिथूनच नमस्कार करून निघ.

शी-शूला कोण नेतं, ते नाव घेऊन विचार. 'आमचा स्टाफ' हे उत्तर नको. ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर तुझ्याच लोकलच्या मार्गावरचं. बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा आरोप शाळेत नव्यानं लागलेल्या सफाई कामगारावर होता. ओम मुलगा आहे म्हणून काळजी नाही, असं म्हणू नकोस. नळवाला, व्हॅनवाला, काकूंचा पुतण्या, दिवसा कोणकोण येतं-जातं? पोलीस पडताळणी झाली आहे का? विचारायला लाज वाटत असेल तर माझं नाव सांग, आमची ताई फार खडूस आहे म्हण.

आणि मोरीत डोकाव. तुमच्या डोंबिवलीत पाणी जाईल म्हणून जो तो बादल्या भरून ठेवतो. रांगतं पोर वाकून डोक्यावर पडलं की वितीएवढं पाणीही पुरतं, त्याला उलटं वर येता येत नाही. आवाजही होत नाही. बादली रिकामी नाहीतर मोरीला बाहेरून कडी, तिसरं काही नको. खाऊच्या डब्यात शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं दिसली तर तिथल्या तिथे बोल, श्वासनलिकेत अडकतात. झोपवताना उताणं, उशीशिवाय. हो, मोहरीची उशीसुद्धा नाही. आई रुसेल, तिचं मी बघते.

ते इंग्रजी अक्षरांचे फ्लॅशकार्ड दाखवून जास्त फी मागत असतील तर मात्र हसून सोडून दे. सहा महिन्यांचं पोर! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर दगड, बिया, पानं घेऊन बालवाड्या चालवल्या. तुझ्या ओमला वाटी-चमचा आणि बोलणारं माणूस मिळालं तरी खूप झालं.

कायद्याच्या भरवशावर मात्र राहू नकोस. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, आपली बाळं त्यात बसतच नाहीत. पण ऑफिसला तरी सोडू नकोस. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवड्यांची रजा आली, त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभाही आली. रजा सगळ्यांना पाठ आहे, पाळणाघर कोणी काढत नाही. एचआरला मेल कर. फोनवर बोलू नकोस, मेलच कर. आणि हे सगळं तू एकटीनं का करतेस? ओमच्या बाबाला, मंदारला, एक दिवस रजा टाकायला सांग. मोरी त्यालाही बघता येते.

अजून एक, तिथल्या मावशीशी बाईंच्या पाठीमागे दोन मिनिटं बोल. किती दिवस झाले इथे, पगार वेळेवर होतो का, जेवायला कधी बसता. दर दोन महिन्यांनी मावशी बदलत असेल तर पोर कुणाच्या अंगाखांद्यावर रुळणार?

डिपॉझिट भरलं नसशील तर थांब. गुरुवारी सुटी घेऊन मी सकाळच्या गाडीनं येते. जेवण करून निघू, आपण दोघीच. अडीचला बेल वाजवायची, आधी फोन करायचा नाही.