मामाची गिटार उघडण्याआधी

अगं छोटे, मामाची जुनी इलेक्ट्रिक गिटार तू अमरावतीला रूमवर नेलीस तेव्हाच मला कळलं होतं, आता हिचा पेचकस निघणार. काल फोनवर म्हणालीसच, "ताई, आवाज बारीक आहे. लाकूड जरा कोरून मोठं पिकअप बसवते, वरून काळा रंग मारते." थांब गं बाई!

कौंडण्यपूरच्या घरातली आजोबांची पेटी तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. रुक्मिणीमातेच्या देवळात भजनाला तीच जायची. आवाज मोठा हवा म्हणून मीच हट्ट धरला आणि तिचे पॅरिसचे जुने रीड काढून नवे बसवून घेतले. आवाज वाढला, गोडवा गेला. आजोबा पेटी पुढ्यात ओढायचे, दोन सूर दाबायचे आणि झाकण लावून टाकायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. जुने रीड परत मागायला गेले, तर ते पितळेच्या भावानं मोडीत गेलेले.

म्हणून सांगते, गंजलेल्या तारा खुशाल टाक. खरखरणारं बटण साफ कर. फ्रेट झिजल्या असतील तर बदल, नाहीतर वाजवणार कशी? पिकअपसुद्धा बदल, पण आहे त्याच खाचेत बसणारं. काढलेला प्रत्येक स्क्रू बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठीसकट ठेव. लाकूड मात्र कोरू नकोस. रंगही घासू नकोस. वरच्या कडेला तो उडालाय ना, तो मामाच्या हातानं.

आणि उघडलीसच तर आतल्या पॉटची, म्हणजे त्या बटणाखालच्या भागाची, पाठ बघ. जुन्या अमेरिकन पॉटवर आकडे असतात. समज ३०४६३१२ लिहिलंय, तर ३०४ ही स्टॅकपोल कंपनीची खूण, ६३ म्हणजे १९६३ साल, १२ म्हणजे बारावा आठवडा. पॉट मूळचाच असेल, तर गिटार त्याआधीची नाही. असा पॉट "खराब झाला" म्हणून केरात टाकणाऱ्यांपैकी तू आहेस, म्हणून बजावते.

तू म्हणशील, गिटारवादक डेव्हिड गिल्मूरनं आपल्या काळ्या स्ट्रॅट गिटारची काय कमी चिरफाड केली? माना बदलल्या, पिकअप बदललं, तरी २०१९ साली क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. खरंय. पण ती त्यानं १९७० मध्ये स्वतः विकत घेतलेली होती, आणि लोकांनी पैसे मोजले ते त्याच्या हाताचे.

ही गिटार अजून मामाचीच आहे, छोटे. कोरायच्या आधी त्याला एक फोन कर. त्यानं ती कुठे-कुठे वाजवली, हे आपण दोघींनी कधी विचारलेलंच नाही.