आगमनकाळ, देवाचे राज्य आणि मराठी ख्रिस्ती साहित्य

१. प्रास्ताविक

ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ नाताळाने होत नाही. तो नाताळापूर्वीच्या आगमनकाळाने होतो. पाश्चात्त्य परंपरेत संत आंद्रेयाच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळ असणाऱ्या रविवारी हा काळ सुरू होतो आणि नाताळापर्यंत चार रविवार चालतो. सामान्यतः याकडे येशूच्या जन्मोत्सवाची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. या काळाच्या मुळाशी एक ताण आहे: येणारा येऊन गेला आहे, आणि तरीही त्याची वाट पाहावयाची आहे. मराठी भाषेने व मराठी ख्रिस्ती साहित्याने हा ताण कसा पेलला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आणि नारायण वामन टिळक यांची 'देवाचा दरबार' ही संकल्पना हे दोन टप्पे निवडले आहेत.

२. आगमनकाळाची घडण

आगमनकाळासाठी रूढ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'येणे' असाच आहे. नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दाच्या जागी तो वापरला गेला, त्याला राजकीय संदर्भही होता. राजा किंवा सम्राट एखाद्या नगरीला भेट देण्यास येई, नगरजन वेशीबाहेर जाऊन त्याचे स्वागत करीत. त्या येण्याला हा शब्द लावला जाई. म्हणजे या काळाच्या नावातच बाळाच्या पाळण्याइतकेच राजाच्या प्रवेशाचेही सूचन आहे.

इतिहासातही हे दुहेरीपण दिसते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात गॉल प्रांतातील तूर येथील बिशप पर्पेतुअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम घालून दिला. उत्सवाच्या पूर्वरंगापेक्षा पश्चात्तापाचा भाव येथे अधिक आहे. आजही रोमन उपासनाक्रमात पहिल्या रविवारची शुभवर्तमानातील वाचने जन्मकथेची नसून युगान्ताविषयीची व जागृत राहण्याविषयीची असतात. १७ डिसेंबरपासून मात्र लक्ष जन्माच्या प्रसंगाकडे वळते. अशा रीतीने उपासक शेवटाकडून आरंभाकडे येतो.

बाराव्या शतकात क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी या काळावरील प्रवचनांत तीन आगमनांची मांडणी केली. पहिले देहधारणेचे, शेवटचे वैभवाचे, आणि या दोहोंच्या मधले भक्ताच्या अंतःकरणात होणारे. पहिले व शेवटचे आगमन प्रकट, तर मधले गुप्त होय. मराठी साहित्याच्या दृष्टीने हे त्रिविध वर्गीकरण विशेष उपयुक्त आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

३. 'राज्य' या शब्दाचा प्रश्न

येशूच्या उपदेशाचा गाभा देवाचे राज्य हा आहे. हे राज्य आले आहे की यावयाचे आहे, यावर विसाव्या शतकातील अभ्यासकांत मोठा वाद झाला. योहानेस वाइस यांनी १८९२ साली, आणि त्यांच्यानंतर आल्बर्ट श्वाइत्झर यांनी, ते सर्वस्वी भविष्यकालीन असल्याचे प्रतिपादन केले. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये दृष्टान्तांच्या अभ्यासातून ते येशूच्या कार्यातच अवतरले असल्याचे मांडले. ऑस्कर कुलमान यांनी १९४६ मध्ये 'आधीच' आणि 'अजून नाही' या दोन्ही बाजू एकत्र धरल्या. निर्णायक लढाई जिंकली गेली आहे, परंतु युद्ध संपलेले नाही, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे.

मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांत प्रदेशापेक्षा राजाची सत्ता, त्याचे राज्य करणे, हा अर्थ प्रधान आहे. मराठीतील 'राज्य' शब्दात दोन्ही छटा आहेत. 'राज्य करणे' या प्रयोगात तो क्रियेला जवळ जातो. 'राज्याच्या सीमा' म्हणताना तो भूभाग होतो. ऐकणाऱ्याच्या मनात दुसरी छटा आधी जागी होत असेल, तर देवाचे राज्यही नकाशावरच्या एखाद्या राज्यासारखे भासू लागते. हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. ज्या भूमीत ख्रिस्ती उपदेश परकीय राजसत्तेच्या सोबतीने आला, तेथे तो इतिहासाचाही प्रश्न आहे.

४. ख्रिस्तपुराण : प्रतीक्षेला दिलेला अवकाश

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी उर्वरित आयुष्य मुख्यतः सासष्टी भागात घालविले. त्यापूर्वी बारा वर्षे, १५६७ मध्ये, सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. ते आल्यावर चार वर्षांनी, १५८३ मध्ये, कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या झाली व पोर्तुगीज सत्तेने तिचा सूड घेतला. अशा प्रदेशात देवाच्या राज्याची वार्ता सांगणे म्हणजे ती पोर्तुगालच्या राजाच्या राज्यापासून वेगळी करून सांगणे होते. तो भेद ऐकणाऱ्यापर्यंत पोचणे सोपे नव्हते.

१६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या काव्याची सुमारे अकरा हजार ओव्यांची रचना दोन पुराणांत विभागलेली आहे. पहिल्यात ३६, तर दुसऱ्यात ५९ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या निर्मितीपासून ख्रिस्तपूर्व काळापर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ही विभागणी बायबलच्या दोन करारांना अनुसरूनच आहे. तथापि तिचे प्रमाण लक्षणीय आहे. एकूण रचनेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग नायकाच्या जन्मापूर्वीचा आहे. जन्मकथेपाशी पोचण्याआधी श्रोत्याला पतन, वचन आणि प्रतीक्षा यांतून दीर्घ प्रवास करावा लागतो. या अर्थाने पहिले पुराण हा एक विस्तारलेला आगमनकाळच होय.

काव्याच्या आरंभी नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण गुरूला विचारतो की, जुनी पुराणे वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी तशी रचना का देत नाही? या प्रश्नामागे मोठी पोकळी आहे. श्रवणाची, ओवीची, कथेच्या आधाराची सवय असलेल्या समाजापासून ते सारे काढून घेतले गेले होते. स्टीफन्स यांचे उत्तर राजाज्ञेच्या भाषेत नाही. ते त्याच समाजाच्या छंदात आहे. मात्र रचनेचा भर पहिल्या आगमनावर असल्याने, वचन पूर्ण झाले, हा सूर येथे प्रबळ राहतो. 'अजून नाही' ही बाजू तुलनेने मागे पडते.

५. भक्तिपरंपरा आणि मधले आगमन

मराठी भक्तिकाव्यात प्रतीक्षेची भाषा आधीच समृद्ध होती. ज्ञानेश्वरांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विराणीत कावळ्याच्या शकुनावरून पंढरीरायाच्या येण्याची वार्ता विचारली जाते. दुसरीकडे, पुंडलिकाच्या कथेत प्रतीक्षेची दिशाच उलटते. तेथे देव विटेवर उभा राहून भक्तासाठी थांबतो. बर्नार्ड यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, मधल्या आगमनासाठी लागणारी सारी शब्दसंपदा मराठीत सिद्ध होती. शेवटच्या आगमनाची स्थिती वेगळी आहे. विरहिणीची आर्तता एका जिवाची असते. आगमनकाळातील वाट पाहणे हे समूहाचे, किंबहुना साऱ्या सृष्टीचे असते, आणि न्यायाची स्थापना हा त्याचा विषय असतो.

६. टिळकांचा 'दरबार'

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या अभंगांत भक्तिपरंपरेतील आर्तता सहजपणे ख्रिस्ताकडे वळते. परंतु आयुष्याच्या अखेरीस त्यांना केवळ अंतरंगातील भेट पुरेशी वाटली नाही. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची धारणा होती.

'राज्य' या शब्दाऐवजी 'दरबार' हा शब्द येणे अर्थपूर्ण आहे. राज्याला सीमा असते. दरबाराला राजाची उपस्थिती असते. दरबार जेथे राजा तेथे भरतो, आणि त्यात प्रवेश कोणी करावा हे राजा ठरवितो, वेशीवरचा पहारेकरी नव्हे. शिवाय साताऱ्यासारख्या, छत्रपतींच्या गादीची स्मृती जपणाऱ्या व १८४८ मध्ये खालसा झालेल्या राजधानीत या शब्दाला स्थानिक अर्थही होता. मिशनची संस्था म्हणजे देवाचे राज्य नव्हे, आणि इंग्रजांचे साम्राज्य तर नव्हेच, असे या एका शब्दातून सूचित होते. यावयाच्या राज्याची चाहूल आजच्या मेळाव्यात घेण्याचा हा प्रयत्न होता.

टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले आणि दरबाराला स्थिर रूप लाभले नाही. त्यांचे ख्रिस्तायनही अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. या अपुरेपणाकडे केवळ अपयश म्हणून पाहणे योग्य होणार नाही. ज्याची पूर्णता मानवी हाती नाही अशा गोष्टीची खूण उभारण्याचा प्रयत्न अपुरा राहणे त्याच्या स्वरूपाशी सुसंगत आहे.

७. समारोप

आगमनकाळातील 'अजून नाही' हा उद्गार निराशेचा नाही. तो सावधगिरीचा आहे. कोणतेही प्रस्थापित राज्य, कोणतीही धर्मसंस्था स्वतःस देवाचे राज्य म्हणवू लागली की हा उद्गार तिला अडवितो. स्टीफन्स यांनी प्रतीक्षेला कथारूप दिले, भक्तिपरंपरेने तिला अंतरंगाची भाषा पुरविली, आणि टिळकांनी तिला सामूहिक आचरणाकडे वळविले. मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार बहुधा छंद, शब्दकळा आणि देशीकरण या अंगांनी केला जातो. 'येणे' आणि 'वाट पाहणे' या दोन साध्या क्रियापदांभोवती त्याची फेरमांडणी केल्यास, सत्ता आणि श्रद्धा यांच्या संबंधांविषयी या साहित्याने दिलेली साक्ष अधिक स्पष्टपणे वाचता येते.