दातओठ खाऊन धावू नका

‘दमल्यावर हसलं की दम कमी लागतो म्हणतात, खरं का?’ मॅरेथॉनची तयारी करणारे हमखास विचारतात. याचं श्रेय केनियाच्या एलिउड किपचोगेला. २०१७ साली इटलीतल्या मॉन्झाच्या ट्रॅकवर त्याने २ तास २५ सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं. धावताना मधूनमधून तो मुद्दाम हसत होता.

म्हटलं तर खरं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ हौशी धावपटूंना ट्रेडमिलवर सहा-सहा मिनिटं पळवलं: एकदा हसत, एकदा कपाळाला आठ्या घालून, एकदा हात सैल सोडून, एकदा नेहमीसारखं. वेग तोच, पण हसताना लागलेला ऑक्सिजन आठ्या घालून पळण्यापेक्षा सरासरी २.७८ टक्क्यांनी कमी भरला. माणसं मोजकी, फरक छोटा. पण लांबच्या पल्ल्यात छोटा फरकही अंगाला जाणवतो.

श्रम वाढले की भुवयांमधला स्नायू आपोआप आवळतो. कित्येकदा जबडा, खांदे आणि मुठीही. या आवळण्याने वेग तर वाढत नाहीच, शक्ती मात्र खर्ची पडते.

मनाच्या ताणाचंही थोडं असंच. २०१२ साली अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात काही जणांच्या तोंडात चॉपस्टिक धरायला देऊन चेहरा हसरा ठेवला आणि हात बर्फगार पाण्यात बुडवायला लावला. ताण सरताना त्यांच्या हृदयाचे ठोके इतरांपेक्षा कमी होते. मात्र २०२२ साली १९ देशांतल्या सुमारे ३,९०० जणांवर पडताळणी झाली, तेव्हा मुद्दाम हसल्याने मन किंचित खुलतं एवढंच दिसलं. चॉपस्टिकसारखंच दातांत पेन धरण्याच्या युक्तीचा ठोस पुरावा मिळाला नाही. तेव्हा ‘हसा आणि बीपीची गोळी सोडा’ असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका, आणि गोळीही सोडू नका.

करायचं काय? धावताना दर किलोमीटरला चेहऱ्याकडे लक्ष द्या. दात एकमेकांपासून सुटे, जीभ सैल, कपाळ मोकळं. तळहातात बटाट्याचा वेफर आहे आणि तो मोडू द्यायचा नाही, अशी कल्पना करा. ट्रेडमिलवरच्या त्या अभ्यासातही हीच वापरली होती. चढावर अर्धं मिनिट हसा. लोक बघतील, बघू देत. परीक्षेत पेपर हातात येण्याआधीही जबडा सैल सोडून पाहायला हरकत नाही.

काउंटरवर, कॉल सेंटरमध्ये दिवसभर हसणं ज्यांच्या नोकरीचा भाग आहे, त्यांना मी हे सांगणार नाही. आतून वैताग आणि वरून हसू, असं सतत वागणारी माणसं जास्त थकतात. त्यांना दिवसातून काही वेळ चेहरा हवा तसा ठेवायची मुभा हवी, आणि ती साहेबांनी द्यायला हवी.

सकाळी उठल्यावर जबडा दुखत असेल, तर झोपेत दात खात असाल, दंतवैद्यांना दाखवा. पण धावताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हसून निभावू नका. जागीच थांबा, मदत मागा आणि थेट हॉस्पिटल गाठा.