शास्ती, शिक्षा आणि ‘उलाढाल’ : स्पर्धा कायद्याची भाषा

प्रास्ताविक

मागील घटकात आपण कायद्याच्या मराठीची सामान्य लक्षणे पाहिली. या घटकात एकाच कायद्यातील तीन शब्द घेऊन ते व्यवहारात किती वजनाचे ठरतात, हे पाहावयाचे आहे. कायदा आहे स्पर्धा अधिनियम, २००२ आणि शब्द आहेत ‘शास्ती’, ‘शिक्षा’ व ‘उलाढाल’.

विवेचनासाठी नागपूरची इतवारी डोळ्यांसमोर ठेवू. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी या वस्त्यांप्रमाणेच इतवारीचे नावही वारावरून पडलेले आहे. किराणा, कापड, सराफा, धान्य यांचा घाऊक व्यापार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा पेठेत एकाच धंद्याची दुकाने एकमेकांना खेटून असतात आणि शेजाऱ्याचा भाव प्रत्येकाला ठाऊक असतो. तो पाहून आपला भाव ठरविण्यात गैर काही नाही. स्पर्धा म्हणतात ती हीच. मात्र चार व्यापाऱ्यांनी एकत्र बसून ‘अमुक भावाच्या खाली कोणी विकायचे नाही’ असे ठरविले, की व्यवहाराचे स्वरूप पालटते. लेखी करार असण्याची गरज नाही. तोंडी समझोता झाला तरी अधिनियमाचे कलम ३ लागू होते. किंमत ठरविणे, उत्पादन किंवा पुरवठा रोखणे, गिऱ्हाइके अथवा प्रदेश वाटून घेणे आणि निविदेत संगनमत करणे, या चार प्रकारांत स्पर्धेवर अनिष्ट परिणाम होतो असे कायदा गृहीतच धरतो. तसे घडले नाही, हे दाखविण्याचा भार व्यापाऱ्यांवर येतो.

शास्ती की शिक्षा?

बोलीत आपण ‘दंड’ हा एकच शब्द सर्वत्र वापरतो. विधिभाषेला ते परवडत नाही. फौजदारी न्यायालय दोषी व्यक्तीला देते ती शिक्षा. तिच्यात कारावास असू शकतो आणि द्रव्यदंडही. नियमभंगाबद्दल एखादे प्राधिकरण जी रक्कम बसविते, ती शास्ती. भारतीय स्पर्धा आयोग कलम २७ खाली संगनमत करणाऱ्यांवर शास्ती लादतो, कोणाला तुरुंगात धाडत नाही. अमेरिकेत मात्र १८९० च्या शर्मन कायद्याखाली अशाच कृत्यासाठी आज दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

तुरुंगाचा उल्लेख आपल्या अधिनियमात अजिबात नाही, असे मात्र नव्हे. आयोगाचा आदेश पाळला नाही, तर कलम ४२ अन्वये आधी प्रतिदिन एक लाख रुपयांपर्यंत व एकूण दहा कोटींपर्यंत शास्ती होऊ शकते. तीही भरली नाही, तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जाते आणि तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंचवीस कोटींपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. म्हणजे भाव ठरविल्याबद्दल शास्ती, आणि आदेश धुडकावल्याबद्दल शिक्षा. वृत्तपत्रांतील बातम्या हा फरक सर्रास पुसून टाकतात. अभ्यासकाने तो पुसू नये.

याआधीच्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, १९६९ मध्ये शास्तीची ही सोयच नव्हती. त्या आयोगाचा मुख्य आदेश ‘ही प्रथा थांबवा आणि पुन्हा करू नका’ एवढाच असे. झालेली कमाई व्यापाऱ्याच्या गल्ल्यात राहत असेल, तर त्या आदेशाचा धाक कितीसा वाटणार? नव्या कायद्यातील संगनमतविरोधी तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आल्या आणि पैशाचा हिशेब मांडण्यास तेथून सुरुवात झाली.

उलाढाल कोणती?

कलम २७ मध्ये शास्तीची सर्वसाधारण कमाल मर्यादा मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या दहा टक्के अशी दिली आहे. कार्टेलबाबत, म्हणजे स्पर्धकांच्या संगनमताबाबत, ती अधिक कठोर आहे. कार्टेल जितकी वर्षे चालले, त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा त्या वर्षाच्या उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत शास्ती जाऊ शकते. वाचताना हे सारे स्पष्ट वाटते. पण उलाढाल कशाची? ज्या मालात संगनमत झाले त्या मालाची, की कंपनी जे जे विकते त्या सगळ्याची? मूळ कलम याबाबत मौन बाळगून होते.

हा प्रश्न धसास लागला तो धान्याच्या गोदामांत वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांमुळे. साठविलेल्या धान्याला कीड लागू नये म्हणून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतात. धान्याच्या कोणत्याही पेठेला त्या अपरिचित नाहीत. भारतीय अन्न महामंडळाने २००९ मध्ये या गोळ्यांसाठी निविदा मागविल्या, तेव्हा एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑरगॅनिक या तीन कंपन्यांनी किलोमागे ३८८ रुपये असा तंतोतंत एकच दर भरला. आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तिघींना दोषी ठरविले आणि एकूण उलाढालीच्या नऊ टक्के शास्ती बसविली. एक्सेलच्या वाट्याला ६३.९० कोटी रुपये आले. अपील न्यायाधिकरणाने दोष कायम ठेवला, परंतु हिशेब केवळ या गोळ्यांच्या विक्रीवर, म्हणजे ‘संबद्ध उलाढाली’वर करावा, असे सांगितले. त्यामुळे एक्सेलची रक्कम २.९१ कोटींवर आली. ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ उचलून धरला. शास्ती कृत्याच्या प्रमाणात असावी, हे त्यामागील तत्त्व. ‘संबद्ध’ या एका विशेषणाची किंमत एका कंपनीपुरती ६० कोटींहून अधिक ठरली!

न्यायालयाचा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. तरीही प्रस्तुत लेखकाला त्यात एक अडचण दिसते. अनेक वस्तू विकणाऱ्या मोठ्या कंपनीला एका मालापुरती शास्ती सहज पचते. एकच माल विकणाऱ्या लहान व्यावसायिकाला तीच टक्केवारी जिव्हारी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने संसदेने दुसरी बाजू घेतली. आता ‘उलाढाल’ म्हणजे सर्व वस्तू व सेवांपासूनची जागतिक उलाढाल, असे स्पष्टीकरण कलमातच आले. मार्च २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आयोग आरंभ संबद्ध उलाढालीपासूनच करतो व तिच्या तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जागतिक उलाढालीवरील मर्यादा वरून घातलेली असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. इतवारीतील एका पेढीची सरासरी वार्षिक उलाढाल २० कोटी, त्यात मिरचीची ३ कोटी. संगनमत केवळ मिरचीत. आयोगाने सर्वसाधारण मर्यादेचा पूर्ण वापर केला असे धरल्यास एकूण उलाढालीवर शास्ती २ कोटी, संबद्ध उलाढालीवर ३० लाख. नव्या तत्त्वांनुसार ९० लाखांपर्यंत आरंभ आणि २ कोटींची वरची मर्यादा.

संघटना, पदाधिकारी आणि कबुली

शास्ती व्यापारी संघटनेवरही बसते. गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेने नवा वितरक नेमण्यापूर्वी आपले ना-हरकत पत्र घेण्याची अट घातली होती. जून २०१२ मध्ये आयोगाने तिच्यावर दोन लाख रुपयांची शास्ती लादली आणि २०१४ मध्ये त्याच संघटनेला पुन्हा दोषी ठरविले. रक्कम लहान वाटेल. परंतु दुकान थाटूनही माल न मिळणारा विक्रेता आणि औषधासाठी वणवण करणारा रुग्ण यांच्या बाजूने तिच्याकडे पाहावे. कलम ४८ मुळे निर्णयात सहभागी पदाधिकारीही व्यक्तिशः जबाबदार धरले जातात.

कलम ४६ मात्र एक दार उघडे ठेवते. जो सर्वप्रथम येऊन संगनमताची महत्त्वपूर्ण माहिती देतो, त्याची शास्ती पूर्ण माफ होऊ शकते. किराणा दुकानांत विकल्या जाणाऱ्या टॉर्चच्या सेलच्या प्रकरणात, एप्रिल २०१८ मध्ये, पॅनासॉनिकला अशी शंभर टक्के सूट मिळाली. एव्हरेडीला तीस टक्के सूट मिळूनही १७१.५५ कोटी रुपयांची शास्ती झाली. फितुरीला बक्षीस देणारी ही तरतूद काहींना खटकते. परंतु संगनमत बंद दाराआड होते आणि आतला माणूस बोलल्याखेरीज पुरावा क्वचितच हाती लागतो.

स्वयं-अध्ययनासाठी

‘भाव ठरविल्याबद्दल व्यापाऱ्यांना शिक्षा’ असा मथळा एका बातमीला दिला आहे, असे समजा. विधिभाषेच्या दृष्टीने त्यातील चूक दाखवून मथळा पुन्हा लिहा. तसेच वरील पेढीच्या उदाहरणात मिरचीची उलाढाल ८ कोटी मानून तिन्ही आकडे नव्याने काढा आणि नव्या तत्त्वांनुसार वरची मर्यादा कोठे आड येते, ते पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.